मुलांना ‘विसंगती’ शिकवताना : गाडगेबाबांच्या चरित्रातून एक पाठ



काही शब्द असे असतात की ते आपल्याला कळतात, पण मुलांना सांगायची वेळ आली की आपणच अडखळतो. ‘विसंगती’ हा त्यातलाच एक शब्द. पाठ्यपुस्तकात तो अधूनमधून येतो, विनोदाचा पाठ शिकवताना येतो, विज्ञानात ‘असंगत’ या रूपात येतो. मूल विचारतं, सर, विसंगती म्हणजे काय? आपण सांगतो, मेळ नसणे. मूल वहीत लिहून घेतं, विसंगती म्हणजे मेळ नसणे. पुढे काय? काहीच नाही. शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला, एवढंच झालं.

मी हा शब्द शिकवताना आता एका माणसाचं चरित्र सांगतो. तो माणूस आपल्याच वऱ्हाडातला. अमरावती जिल्ह्यात जन्मला, अकोला जिल्ह्यात वाढला आणि आयुष्यभर लोकांना त्यांच्या वागण्यातली विसंगती दाखवत फिरला. शाळेत गेला नाही, पण आज अमरावतीचं विद्यापीठ त्याच्या नावाने आहे. तुम्ही ओळखलंच असेल, संत गाडगेबाबा. हा पाठ कसा घ्यायचा, त्यात कुठे सांभाळून राहायचं आणि तो आपल्यावरच कसा उलटतो, हे आज सविस्तर पाहूया.

आधी शब्द, मग चरित्र

सुरुवात सोप्या गोष्टीपासून करा. फळ्यावर लिहा : २, ४, ६, ९, १०. मुलं लगेच ओरडतील, नऊ चुकला. इथे थांबा. त्यांना विचारा की नऊ ही संख्या चुकीची आहे का? नऊ तर चांगली संख्या आहे. मग ती इथे खटकते का? कारण आधीच्या संख्यांनी एक रीत घालून दिली आणि नऊ त्या रीतीत बसत नाही. म्हणजे विसंगती दिसायला आधी रीत माहीत असावी लागते. ज्याला सम संख्या माहीत नाहीत, त्याला नऊ खटकणारच नाही. ही पहिली गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसू द्या.

दुसरं उदाहरण आपल्या उन्हाळ्याचं. अकोल्याचा मे महिना मुलांना सांगायला नको. समजा वर्गातल्या मुलांनी आठवडाभर दुपारचं तापमान लिहून ठेवलं : ४३, ४४, ४४, २९, ४५. यातला २९ पाहिला की दोन शक्यता मनात येतात. एक तर लिहिणाऱ्याची चूक झाली. नाहीतर त्या दिवशी खरोखरच वादळ होऊन गारपीट झाली. नुसतं पाहून आपल्याला ठरवता येत नाही, चौकशी करावी लागते. ही दुसरी गोष्ट. विसंगती म्हणजे लगेच चूक नव्हे. विसंगती म्हणजे आधी एक प्रश्न.

तिसरं उदाहरण विज्ञानाचं. बहुतेक पदार्थ थंड केले की आकुंचन पावतात. पाणीही पावतं, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याच्या खाली ० अंशापर्यंत ते उलट प्रसरण पावतं. यालाच आपण पाण्याचं असंगत आचरण म्हणतो. काठोकाठ पाणी भरून घट्ट बूच लावलेली काचेची बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर फुटते, कारण गोठताना पाणी आणखी प्रसरण पावतं. थंड प्रदेशात तळं वरून गोठतं आणि खाली पाणी राहतं, त्यात मासे जगतात, ते या असंगत आचरणामुळेच. म्हणजे रीतीत न बसणारी प्रत्येक गोष्ट वाईट असते असंही नाही. ही तिसरी गोष्ट.

एवढं झालं की मुलं तयार होतात. आता त्यांना सांगा की आकड्यांत विसंगती असते, निसर्गात असते, तशी ती माणसाच्या वागण्यातही असते. बोलतो एक आणि करतो एक, ही माणसाची विसंगती. ती ओळखणारा आणि न घाबरता दाखवणारा एक माणूस आपल्या भागात होऊन गेला.

शेंडगावचा डेबू

गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव. आज ते अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात येतं. वडील झिंगराजी, आई सखुबाई. घर परिटाचं. म्हणजे गावाचे कपडे धुऊन स्वच्छ करायचे, हा घरचा धंदा.

झिंगराजींना दारूचं व्यसन लागलं. त्या काळी देवाच्या नावाने बोकड कापायचा, दारू प्यायची, जेवणावळ घालायची, ही रीत होती. जो देत नाही त्याला नावं ठेवली जायची. या रीतीतच झिंगराजी अडकले. व्यसनाने अंग पोखरलं आणि डेबू लहान असतानाच ते गेले. देवाला प्रसन्न करण्यासाठी जे केलं, त्यानेच घर बुडालं. मुलांना इथे विचारता येतं की मेळ कुठे बसत नाही? पण शिक्षकहो, इथे एक क्षण थांबा. हा प्रसंग सांगताना वर्गात एखादं मूल खाली मान घालतं. त्याचं कारण आपल्याला माहीत असतं किंवा नसतं. याबद्दल पुढे बोलतो.

वडील गेल्यावर सखुबाई डेबूला घेऊन माहेरी आल्या. ते गाव दापुरे, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातलं. मामांचं नाव चंद्रभानजी. डेबू तिथे गुरं राखायचा, नांगर धरायचा, निंदण-खुरपण करायचा, रात्री भजनात रमायचा. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. कष्टाला मात्र तो वाघ होता. १८९२ साली त्याचं लग्न कुंताबाईंशी झालं.

मामांच्या शेतीवर सावकाराचं कर्ज होतं. मामांना अक्षरओळख नव्हती. अंगठा उठवायचा आणि सावकार सांगेल ते खरं मानायचं. शेवटी जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. डेबूजी मात्र गप्प बसला नाही. सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा तो नांगर घेऊन शेतात उभा राहिला आणि त्याने त्यांना परत पाठवलं, असं त्याच्या चरित्रात येतं. राबणारा हात एकाचा आणि जमीन कागदावर दुसऱ्याची, हा न बसणारा हिशेब त्याने तरुण वयातच पाहिला. पुढे आयुष्यभर हा माणूस लोकांना शिक्षणाचं महत्त्व का सांगत राहिला, त्याची मुळं या शेतात आहेत. ज्याला वाचता येत नाही त्याला कागदातली विसंगती दिसतच नाही. आपला फळ्यावरचा नऊ आठवा.

बारशाचं जेवण

डेबूजीच्या घरी मुलगी झाली. बारशाला जातभाई जमले. अशा वेळी बोकडाचं मटण आणि दारू द्यायची, ही पद्धत होती. डेबूजीने गोडाचं जेवण केलं. लोकांना राग आला, नावं ठेवली गेली. डेबूजी हलला नाही.

हा प्रसंग वर्गात जरूर सांगा, कारण यात विसंगतीची गंमत आहे. त्या पंगतीपुरतं पाहिलं तर रीतीत न बसणारा कोण? डेबूजी. सगळे सम आकडे आणि हा एकटा नऊ. पण जरा लांबून पाहिलं तर? बाप दारूने गेला, त्याच घरात नातीच्या बारशाला दारू वाढायची, यात जास्त मोठी विसंगती नाही का? मुलांना हे हळूहळू उलगडू द्या. कधीकधी अख्खी रांगच चुकलेली असते आणि वेगळा वाटणारा एकटा बरोबर असतो. ही चौथी गोष्ट, आणि ती आकड्यांतून शिकवता येत नाही. त्यासाठी चरित्रच लागतं.

घर सोडलं, खराटा धरला

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडलं. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र, डोक्यावर किंवा हातात मातीचं फुटकं गाडगं, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि हातात खराटा. त्या गाडग्यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. कुणी गोधडे महाराजही म्हणत.

गावात आले की बाबा आधी खराटा घेऊन रस्ता झाडायचे. नाल्या साफ करायचे. कुणाची लाकडं फोडून द्यायची, कुणाच्या शेतात राबायचं, आणि त्या बदल्यात पैसे घ्यायचे नाहीत. भाकरी मिळाली तर गाडग्यात घ्यायची, झाडाखाली बसून खायची. फुकटचं खायचं नाही, हा नेम. आता त्या काळातल्या माणसाच्या नजरेने पाहा. वेश भिकाऱ्याचा आणि वागणं कष्टकऱ्याचं. लोकांना मेळ लागेना. मग ते विचार करू लागायचे. दिवसा हाताने गाव झाडणारा हा माणूस रात्री कीर्तनाला उभा राहायचा आणि मग मनं झाडायला घ्यायचा.

वऱ्हाडातलं ऋणमोचन हे पूर्णेकाठचं गाव. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीकाठच्या चिखलात यात्रेकरूंचे हाल व्हायचे. लोक पुण्य मिळवायला यायचे आणि म्हातारीकोतारी चिखलात घसरून पडायची, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. बाबांनी फावडं-टोपलं घेऊन तिथे काम सुरू केलं. पुढे लोकांच्या मदतीने घाट झाला. मूर्तिजापूरला धर्मशाळा आणि गोरक्षण झालं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा तर गावाकडून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. आजारी माणूस दवाखान्यात आणि त्याच्यासोबत आलेली बायको फुटपाथवर, हे त्यांना पाहवलं नाही.

लाखो रुपये लोकांनी दिले आणि बाबांच्या हातात गाडगंच राहिलं. धर्मशाळांचा कारभार त्यांनी विश्वस्तांकडे दिला आणि आपल्या नातेवाइकांचा त्यावर कोणताही हक्क ठेवला नाही. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि या संस्थांना एक छत्र मिळालं.

कीर्तन म्हणजे प्रश्नांचा तास

आपण शिक्षकांनी गाडगेबाबांकडून घ्यावं असं सगळ्यात मोठं काय असेल, तर त्यांची प्रश्न विचारण्याची रीत. त्यांचं कीर्तन जड भाषेत नव्हतं. साधी वऱ्हाडी बोली. ते समोरच्या लोकांना प्रश्न विचारत. लोक एका सुरात उत्तर देत. मग बाबा दुसरा प्रश्न विचारत. पहिलं उत्तर आणि दुसरं उत्तर एकमेकांना भिडली की लोकांच्याच लक्षात यायचं, अरे, आपण काय करतोय! विसंगती बाबांनी सांगितलेली नसायची, ती लोकांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलेली असायची. म्हणून कीर्तनात हसू यायचं आणि घरी जाताना तेच हसू बोचायचं.

त्यांचे विषय पाहा. कर्ज काढून तीर्थयात्रा करायची आणि घरी म्हातारे आईबाप उपाशी ठेवायचे, याचा मेळ कसा लावायचा? देव दयाळू म्हणायचं आणि त्याच देवासमोर मुक्या जनावराची मान कापायची, हे कसं? सगळी माणसं एकाच देवाची लेकरं म्हणायचं आणि एका लेकराला विहिरीवर येऊ द्यायचं नाही, हे कसं? मुलाच्या लग्नात हजारो उडवायचे आणि शाळेच्या पुस्तकाला पैसे नाहीत म्हणायचं, हे कसं? एक वेळ कमी खा, हलकं कापड नेसा, पण पोरांना शिकवा, असं त्यांचं सांगणं असे.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं. त्याचं ध्वनिमुद्रण झालेलं असून ते आजही ऐकायला मिळतं. शक्य असेल तर मोठ्या वर्गांना त्यातला काही भाग ऐकवा. भाषेच्या तासाला बोली म्हणजे काय हेही कळेल आणि प्रश्न कसा विचारावा हेही.

पंढरपूरची पायरी

मुलांना अगदी डोळ्यांसमोर दिसेल अशी विसंगती हवी असेल तर पंढरपूरची सांगा. संत चोखामेळा हे विठ्ठलाचे थोर भक्त. आपल्या वऱ्हाडातलं, बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणा राजा हे त्यांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे. वारकरी त्या समाधीला हात जोडतात. पण चोखोबांच्या समाजातल्या माणसांना त्याच मंदिरात शेकडो वर्षं प्रवेश नव्हता. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं, त्यानंतर दार उघडलं. संताला नमस्कार आणि त्याच्या लेकरांना दार बंद!

वारीला आलेल्या या लोकांना मुक्कामाला जागाही मिळत नसे. पावसात, चिखलात, उघड्यावर रात्र काढावी लागे. गाडगेबाबा दरवर्षी पंढरपूरला जात, वाळवंट झाडत, कीर्तन करत. त्यांनी या लोकांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामालाही त्यांचा मोठा आधार होता. भाऊरावांनी १९५४ साली कऱ्हाडला सुरू केलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचं नाव दिलं.

इथे एखादा हुशार विद्यार्थी हात वर करतोच. माझ्या वर्गात एकाने केला होता. त्याचा प्रश्न असा, की बाबा जातिभेद मानत नव्हते, तर मग पंढरपुरात मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळा, चोखामेळा धर्मशाळा अशा वेगवेगळ्या का बांधल्या? ही विसंगती नाही का?

खरं सांगतो, पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी गडबडलो. संताच्या चरित्रावर प्रश्न कसा विचारतोस, असं म्हणून त्याला खाली बसवणं सोपं होतं. पण मग मी अख्खा तास जे शिकवलं त्याला काय अर्थ राहिला असता? मी त्याला सांगितलं की प्रश्न बरोबर आहे, आपण सगळे मिळून विचार करू. मुलांनीच बोलता बोलता वाट काढली. एका मुलीचं म्हणणं होतं, की ज्याला कुणीच घरात घेत नाही त्याला आज रात्री छप्पर पाहिजे. समाज सुधारेपर्यंत तो पावसात किती वर्षं थांबणार? दुसऱ्याचं म्हणणं होतं, की तरीही वेगळी नावं दिली नसती तर बरं झालं असतं. मी दोन्ही मतं फळ्यावर लिहिली आणि तशीच ठेवली. मला स्वतःला त्या मुलीचं म्हणणं पटतं. धर्मशाळा पुढे शिक्षणासाठी दिली गेली, यावरून बाबांचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते कळतं. पण दुसऱ्या मुलाचा प्रश्न मी पुसला नाही. विसंगती शिकवायची तर ती आपल्या आवडत्या माणसालाही लावून पाहावी लागते. गाडगेबाबांना हे नक्की चाललं असतं, कारण त्यांनी कुणालाच आपला शिष्य केलं नाही आणि कुणाला आपल्या पाया पडू दिलं नाही.

अखेरचा प्रवास

१९२३ साली बाबांचा मुलगा गोविंद वारला. ते कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते, तिथे ही बातमी आली, आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, असं सांगतात. हा प्रसंग लहान वर्गात सांगू नये असं माझं मत आहे. मुलांना त्यात कोरडेपणा दिसतो, त्यामागचं दुःख दिसत नाही. मोठ्या मुलांना सांगितला तर त्यांना बोलू द्या.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. बाबांचीही प्रकृती तोवर ढासळली होती. दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांनी देह ठेवला. वय ८० वर्षं. जिथे जन्म झाला त्याच जिल्ह्यात, आणि घरात नव्हे, रस्त्यावर. आयुष्यभर रस्ता झाडणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे मात्र अगदी सुसंगत होतं. अमरावतीत त्यांची समाधी आहे, तो भाग गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

२०००-०१ पासून राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचं नाव मिळालं. सही करता न येणाऱ्या मामांच्या घरी वाढलेला, शाळेत न गेलेला मुलगा, आणि आज हजारो पदवीपत्रांवर त्याचं नाव. ही विसंगतीच, पण अभिमान वाटावा अशी.

आता आपली पाळी

हा पाठ आपल्यावर कसा उलटतो, तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेत बाबांची जयंती साजरी केली. प्रतिमेला हार घातला, भाषणं झाली, मग स्वच्छता मोहीम. मैदान आदल्या दिवशीच झाडून घेतलं होतं. पण फोटो हवा होता, म्हणून झाडलेल्या मैदानावर थोडा पाला टाकला आणि आम्ही सगळे शिक्षक खराटे घेऊन उभे राहिलो. फोटो छान आला.

दुसऱ्या दिवशी मी विसंगतीचा हा पाठ घेतला आणि शेवटी मुलांना म्हटलं की आपल्या शाळेत तुम्हाला काही मेळ न बसणारं दिसतं का, ते नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठ्या उघडल्या. तीन-चार चिठ्ठ्यांत तो पाला होता. पण एक चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. तिचा आशय असा, की गाडगेबाबा पुरुष होते आणि ते स्वतः झाडायचे, मग आपल्या वर्गात रोज झाडू फक्त मुलीच का मारतात?

मी रोज त्या वर्गात जात होतो. रोज ते पाहत होतो. मला ते खटकलं नव्हतं, कारण माझ्यासाठी तीच रीत होती. नऊ दिसायला सम संख्या माहीत असाव्या लागतात, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्या मुलीने (अक्षरावरून मुलगीच असावी) रीतच बदलून पाहिली आणि अख्खी रांग चुकलेली आहे हे दाखवलं. पुढच्या सोमवारपासून हजेरीच्या क्रमाने पाळी लागली. मुलगे, मुली, आणि आठवड्यातून एकदा वर्गशिक्षक. पहिल्या आठवड्यात दोन पालक भेटायला आले, मुलगा शाळेत झाडू मारायला येतो का, असं विचारायला. मी त्यांना गाडगेबाबांचं चरित्र सांगितलं. एक जण हसत गेले, एक जण रागात. पाळी चालू राहिली.

वर्गात घेताना काही सूचना

हा पाठ दोन तासांत होतो. पहिला तास आकडे, तापमान आणि पाण्याच्या उदाहरणांचा, दुसरा चरित्राचा. प्रत्येक प्रसंगानंतर मुलांना हेच तीन प्रश्न विचारा :

१. इथली नेहमीची रीत काय आहे?
२. त्या रीतीत काय बसत नाही?
३. का बसत नाही? चूक कोणाची, एकट्याची की रांगेची? की चूक कुणाचीच नाही आणि कारण वेगळंच आहे?

तिसरा प्रश्न सोडू नका. तो सोडला तर मुलं नुसती दोष काढायला शिकतील. वेगळा दिसणारा प्रत्येक जण चुकलेला नसतो, हे त्यांना कळलं पाहिजे. वर्गातलं तोतरं बोलणारं मूल, डावखुरं मूल, नव्या गावाहून आलेलं वेगळ्या बोलीचं मूल, हे रीतीत बसत नाहीत म्हणून कुणी त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही, याची जबाबदारी आपली.

आणि वर सांगितलेली ती महत्त्वाची गोष्ट. मुलांना घरातल्या विसंगती वर्गासमोर सांगायला लावू नका. दारूचा प्रसंग आला की एखाद्या लेकराच्या पोटात गोळा येतो. त्याला गृहपाठात आमच्या घरातील विसंगती असं लिहायला दिलं तर आपण त्याला उघडं पाडतो. उदाहरणं शाळेतली घ्या, गावातली घ्या, आपली स्वतःची घ्या. ज्याला घरचं सांगायचं असेल ते मूल तास संपल्यावर आपल्याजवळ येतं. तेव्हा मात्र आपल्याला वेळ असला पाहिजे. डेबूही असंच एका घरातलं मूल होता, एवढं त्याला सांगितलं तरी त्याची मान वर येते, हे मी पाहिलं आहे.

पालकांसाठीही एक विनंती. मूल घरी येऊन म्हणालं, की बाबा, तुम्ही मला मोबाईल पाहू नको म्हणता आणि स्वतः जेवताना पाहता, तर त्याला उद्धट म्हणू नका. त्याला रीत कळली आहे आणि न बसणारा आकडाही दिसला आहे. त्याचा प्रश्न ऐकून घ्या. जमलं तर मोबाईल बाजूला ठेवा. नाही जमलं तर का जमत नाही ते खरं खरं सांगा. आपण प्रामाणिक उत्तर दिलं की मुलाला कळतं, विसंगती दाखवणं म्हणजे भांडण नव्हे, ती दोघांनी मिळून दुरुस्त करायची गोष्ट आहे.

येत्या २० डिसेंबरला किंवा २३ फेब्रुवारीला हा पाठ घेऊन पाहा. त्या दिवशी मैदान आधी झाडून ठेवू नका.